आषाढातलं बाळ, नाव वसंत?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आषाढात मला मुलगा झाला. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की दवाखान्यात जो तो बाळाच्या आधी पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करत होता. बाराव्या दिवशी बारसं जमलं नाही, आता नागपंचमीनंतर करायचं ठरलंय. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना, बाळाचं नाव वसंत ठेवायचंय. ते त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. वडील लवकर गेल्यावर त्या भावानंच आबांना शिकवलं, लग्न करून दिलं. नणंदेनं फोनवर शोधून 'क्रियांश' आणलंय आणि आत्याचा मान म्हणून ती हटून बसलीय. नवरा म्हणतो, तुम्ही काय ते ठरवा. मला वसंत फार जुनाट वाटतं. गल्लीतली पोरं वश्या म्हणून हाक मारणार. शिवाय ऐन पावसात जन्मलेल्या मुलाला वसंत ऋतूचं नाव ठेवणं बरोबर आहे का? नाव आणि ऋतू उलटे पडले तर मुलाला त्रास होतो, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. आबांना न दुखवता नाही कसं म्हणू?"

बाळाचं अभिनंदन. शेजारच्या काकूंचं आधी निकालात काढते आणि मग आबांकडे येते, कारण आबांचं प्रकरण नाजूक आहे, काकूंचं नाही.

नाव आणि जन्माचा ऋतू जुळलाच पाहिजे असा नियम कुठंही नाही. पत्रिका बघून नाव ठेवणारेसुद्धा नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात, ऋतूवरून नाही. आणि ऋतूच बघायचा म्हटला तर पंचांगातलं कोष्टक उघडा. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा. म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर पाऊस आपटत असताना जन्मलेलं तुमचं बाळ पंचांगाच्या हिशेबानं ऐन उन्हाळ्यातलं ठरतं. काकूंचा नियम पाळायचा तर त्याचं नाव ग्रीष्म ठेवावं लागेल! बंगाल्यांकडे हेच कोष्टक एक महिना अलीकडे सरकलेलं आहे. त्यांचा वसंत फाल्गुन-चैत्राचा, आणि आषाढ-श्रावण म्हणजे वर्षा. कोल्हापुरात तर कोष्टकाची गरजच पडत नाही. नदीचं नवं पाणी घेऊन, पुढं पी-ढबाक वाद्यं वाजवत एखादी गल्ली टेंबलाई देवीच्या वाटेला लागली की आषाढ. गुलालानं माखलेली माणसं 'चांगभलं' करत जोतिबावरून उतरायला लागली की चैत्र. तेव्हा ऋतूवरून मुलाला त्रास होणार असेल, तर आधी कुठल्या गावचा ऋतू धरायचा ते काकूंना ठरवू द्या.

आता ज्यांना हे नाव होतं त्यांचं काय झालं ते बघू. महाराष्ट्रात वसंत नावाची माणसं थोडीथोडकी नव्हती आणि त्यातले बरेच वसंत ऋतूत जन्मलेले नाहीत.

वसंतराव नाईकांचं घ्या. जन्म १ जुलै १९१३, यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचा. हा माणूस डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त, राज्याचा मुख्यमंत्री होता. संकरित बियाण्यांचा प्रसार त्यांच्या काळातला, १९७२ चा दुष्काळही त्यांच्याच काळातला. त्यांचा वाढदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. पेरण्या चालू असतात त्या दिवसांत! आणि गंमत अशी की मलबार हिलवरच्या ज्या बंगल्यात पुढं एकामागून एक मुख्यमंत्री राहायला गेले, त्याचं 'वर्षा' हे नाव या वसंतरावांनीच ठेवलेलं. पावसाळ्यात जन्मलेला वसंत घराला वर्षा म्हणतो, यात कुणाला काही उलटं वाटलं नाही. मला तर ही जोडी फार आवडते.

आपल्या शेजारच्या सांगलीचे वसंतदादा पाटील १३ नोव्हेंबर १९१७ चे. म्हणजे नाव वसंत आणि जन्म शरद ऋतूतला. जुलै १९४३ मध्ये, पावसाचेच दिवस होते, सांगलीचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले. पुढं साखर कारखाने, सहकार, मुख्यमंत्रिपद हे सगळं तुमच्या आबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. ऊसपट्ट्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला 'दादा' म्हटलं की पुढचं आडनाव सांगावं लागत नाही. जुलै १९७८ मध्ये त्यांचं सरकार गेलं आणि त्या जागी कोण आलं? शरद पवार. वसंत जाऊन शरद आला म्हणून त्या वेळी किती कोट्या झाल्या असतील याची कल्पनाच करावी. त्यात हे शरदराव १२ डिसेंबर १९४० चे, म्हणजे मार्गशीर्षातले. कोष्टकानं बघितलं तर त्यांचा ऋतू हेमंत. मुंबईवरच्या हल्ल्यात २००८ साली शहीद झालेले हेमंत करकरे त्याच तारखेचे, १२ डिसेंबर १९५४ चे. तारीख एक, महिना मार्गशीर्ष, पण एकाच्या घरी सरलेल्या ऋतूचं नाव ठेवलं आणि दुसऱ्याच्या घरी चालू ऋतूचं. आणि ज्यांच्या आवाजातली कोळीगीतं आपण अजून ऐकतो ते बंगालचे हेमंतकुमार १६ जूनचे, म्हणजे मृगाच्या पावसातले. काकूंना एवढी यादी पुरे व्हावी.

नाव-ऋतू जुळलेलेही आहेत, नाही असं नाही. वसंतराव देशपांडे २ मे १९२० चे, भर वैशाखातले. 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब म्हणून त्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं, पण ते नाटक १९६७ चं. तोवर त्यांनी नोकरी करत करत गाणं सांभाळलं होतं. म्हणजे ऋतू जुळला म्हणून त्यांचं काही आपोआप फुललं नाही. वसंत गोवारीकर २५ मार्च १९३३ चे, म्हणजे वसंताच्या उंबरठ्यावरचे. अवकाश संशोधनात रॉकेटच्या इंधनावर त्यांचं मोठं काम, पण सामान्य माणसाला ते आठवतात मान्सूनच्या अंदाजासाठी. सोळा घटकांवरून पावसाचा अंदाज बांधायची पद्धत १९८८ मध्ये सुरू झाली ती त्यांच्या पुढाकारानं. तुमच्या बाळासारखंच, वसंताचं पावसाशी नातं.

कोल्हापूरचं म्हणाल तर वसंत देसाई. जन्म कोकणातला, सोनवड्याचा, १९१२ चा. पण उमेदीची सुरुवात आपल्या कोल्हापुरात, कारण प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथं पडेल ते काम करत, बारीकसारीक भूमिका करत हा पोरगा संगीताकडं वळला. 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना, 'गुड्डी'मधली प्रार्थना, दोन्ही त्यांच्या. तुम्ही शाळेत परिपाठाला यातली एक तरी म्हटली असणार, आणि तुमचं बाळही म्हणेल. आणि घरात जुन्या मराठी सिनेमाचा नाद असेल तर 'सांगत्ये ऐका'च्या लावण्या कुणाच्या ते आबांना विचारा. वसंत पवारांच्या. कानेटकर, बापट, सबनीस ही साहित्यातली मंडळी वेगळीच. त्यातल्या दोघांची गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे, ती पुढं सांगते.

आता जुनाटपणाचं. इथं तुमचं म्हणणं खोडून काढणार नाही. मी सांगितलेल्या वसंतांची जन्मसालं बघा, १९१२ ते १९३३. हे एका पिढीचं नाव आहे आणि ती पिढी आता फोटोत आहे. वर्गात दुसरा वसंत भेटणार नाही. कुणाला ते ओझं वाटेल, कुणाला सोय. क्रियांश, शिवांश, रेयांश यांच्या हजेरीत बाईंना वसंत चटकन सापडेल एवढं नक्की. वश्याची भीती मात्र सोडून द्या. कोल्हापुरात अभिजितचा अभ्या होतो, संभाजीचा संभ्या होतो, क्रियांशचं तालमीतली पोरं काय करतील ते मी इथं लिहीत नाही. पेठेत नावाला शेवटी 'या' लागला नाही तर पोराला कुणी आपला मानत नाही, असं समजा.

तुम्हाला कुणीतरी मधला मार्ग म्हणून ऋतुराज सुचवेलच. अजून सुचवलं नसेल तर बारशापर्यंत नक्की सुचवतील. अर्थ तोच, ऋतूंचा राजा म्हणजे वसंत, कानाला नवं, आणि ऋतुराज गायकवाडमुळं पोराटोरांना माहीत. तो गडीही ३१ जानेवारीचा आहे, वसंतातला नव्हे. नाव छान आहे. तुम्हा दोघांना मनापासून आवडत असेल तर ठेवा, पण ते आबांसाठी ठेवतोय असं त्यांना सांगायला जाऊ नका. आबांना ऋतू नकोय, त्यांना भाऊ हवाय. भावाला ते ऋतुराज म्हणत नव्हते. अर्थ सारखा आहे म्हणून समजूत घालायला गेलात तर त्यांना वाटेल, सुनेला आपलं म्हणणं समजलंच नाही. आणि ते खरंही असेल.

आता जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रात ऋतूची शंका आहे, काकूंची भीती आहे, वश्याची काळजी आहे. तुम्हाला स्वतःला काय नाव आवडतं ते पत्रात कुठंच नाही. मला वाटतं, तुमच्या मनात एक नाव आहे आणि ते तुम्ही घरात अजून उच्चारलेलं नाही. 'मला नको' म्हणायचं धाडस होत नाही म्हणून पंचांगाची ढाल पुढं केलीय. असं करू नका. उद्या आबांनी गुरुजींना विचारलं आणि गुरुजी म्हणाले की खुशाल वसंत ठेवा, तर तुमच्या हातात काय उरलं? मग नाही म्हणणं आजच्यापेक्षा अवघड होईल.

आणखी एक माणूस पत्रातून सुटलंय. सासूबाई. त्यांना काय वाटतं? बारसं करणाऱ्या घरात हे विचारायला सगळे विसरतात. वसंत हे त्यांच्या थोरल्या दिरांचं नाव. जुन्या वळणाच्या असतील तर हयातभर ते नाव त्यांनी तोंडानं घेतलेलं नसणार. आता नातवाला 'ए वसंत, दूध पी' अशी हाक त्या मारतील? बहुतेक त्या पहिल्या दिवसापासून बाळू किंवा सोन्या म्हणायला लागतील. आणि आबांचंही बघा. हे कार्टं तीन वर्षांचं झालं, त्यानं चपला पाण्याच्या टाकीत टाकल्या, तुम्ही चिडून ओरडलात 'वश्या, माकडा', तर ओसरीवर बसलेल्या आबांना ते कसं लागेल? ज्या भावासमोर ते कधी मोठ्यानं बोलले नसतील, त्याच्या नावानं घरात शिव्या. नात्यातल्या वडीलधाऱ्यांचं नाव बाळाला ठेवताना ही अडचण फार घरांत येते आणि ती बारशाच्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. हा मुद्दा भांडणासाठी वापरू नका, पण सासूबाईंजवळ एकदा सहज काढा. त्या आबांशी काय बोलायचं ते बरोबर बोलतील.

यातून वाट म्हणून दोन नावं. आपल्याकडे ही काही पळवाट नाही, रीतच आहे. शास्त्रातसुद्धा देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं सांगितलीत. आता त्या दोन साहित्यिकांची गोष्ट. कवी वसंत बापट यांचं मूळ नाव विश्वनाथ. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे वसंत सबनीस मूळचे रघुनाथ. दोघंही जगाला माहीत झाले ते वसंत म्हणून. म्हणजे कागद आणि हाक वेगवेगळी असली तरी काही बिघडत नाही. जी हाक रोज मारली जाते ती टिकते. म्हणूनच पाळण्यात वसंत ठेवायचं ठरलं तर ते आबांच्या तोंडी राहू द्या. तुम्ही त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. 'आबा, त्याचं नाव ते नाहीय' असं एकदा जरी म्हणालात, तरी पाळण्यातलं नाव हा नुसता देखावा होता असं ते धरून चालतील.

मधलं नाव वसंत ठेवा, असं परगावचं कुणी सुचवेल. आपल्याकडे ते चालायचं नाही. मधे बापाचं नाव लागतं आणि ती जागा तुमच्या नवऱ्याची आहे.

बोलायचं कसं? आबांना एकटं गाठू नका आणि जेवणाच्या पंगतीत विषय काढू नका. संध्याकाळी चहाच्या वेळी, नवरा शेजारी बसलेला असताना, आधी त्यांच्या भावाविषयी विचारा: "मोठे आबा कसे होते? मला नीट कुणी सांगितलंच नाही." आणि खरंच ऐका. या घरात येऊन तुम्हाला फार वर्षं झाली नसतील. हा माणूस तुम्ही पाहिलेलाही नसेल. ऐकून झाल्यावर कदाचित ते नाव तुम्हाला आवडायला लागेल. असं होतं. तसं झालं तर प्रश्नच मिटला, काकूंना पेढा द्या आणि वसंत ठेवा. नाही आवडलं, तर त्याच बैठकीत नको, दुसऱ्या दिवशी सांगा. शब्द तुमचे असू द्यात, पण साधारण असे: "आबा, मोठ्या आबांचं नाव घरात राहावं असं तुम्हाला वाटतं ते मला पटतं. पण दिवसभर हाक मी मारणार आणि ते नाव माझ्या तोंडी बसत नाही. पाळण्यात वसंत ठेवू, तुम्ही त्याच नावानं हाक मारा. कागदावर आम्हा दोघांना आवडलेलं घालू." एवढंच. पुढं कारणांची रांग लावू नका. जितकी कारणं द्याल तितकी त्यांना खोडायला मिळतील.

हे वाक्य अर्धं नवऱ्यानं म्हणायचं आहे, हे त्याला आधी सांगा. 'तुम्ही काय ते ठरवा' हे वरवर समजूतदार वाटतं, पण त्यात सगळा वाईटपणा तुमच्या वाट्याला येतो. बाप त्याचा आहे, मुलगाही त्याचा आहे. 'आम्हा दोघांना' हा शब्द त्याच्या तोंडून आला तर आबा ऐकतील; तुमच्या एकटीच्या तोंडून आला तर 'सुनेनं नाव बदललं' अशी गोष्ट भावकीत फिरेल.

नणंदेचं सोपं आहे. आत्याचा मान कानात कुर्र करून नाव सांगण्याचा आणि पाठीवर धपाटे खाण्याचा. नाव एकटीनं ठरवण्याचा नाही. पण बारशाला भरल्या घरात तिच्या तोंडून जे निघेल तेच पाहुणे घेऊन जातात, हे लक्षात ठेवा. म्हणून आधी फोन करून ठरलेलं नाव तिला सर्वांत पहिल्यांदा सांगा, आबांच्या खालोखाल. क्रियांशचं काय करायचं असं ती विचारेल. तिलाही कानात सांगू दे. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून इकडून तिकडं जात असताना कानात किती नावं पडली ते कोण मोजतं?

शेवटी कागदाचं, कारण नागपंचमीच्या घाईनं तुम्ही उगाच दडपणाखाली आहात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते आणि ती बहुधा दवाखान्यातून गेलेलीच असेल. महापालिकेत एकदा खात्री करून घ्या. पण त्या नोंदीत बाळाचं नाव त्याच वेळी असावं लागत नाही. नाव नंतर घालता येतं, पहिल्या १२ महिन्यांत फी न भरता आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाला पाळण्यातलं नाव ठेवून कागदावरच्या नावाला अजून दोन-चार महिने घेतलेत तरी चालतं. घाई नको म्हणायला आणखी एक कारण आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच दाखवावा लागतो, आणि त्यावर जे नाव जसं छापलं जातं तसंच ते सगळीकडं जातं. अर्ज भरायला घरातल्या एकालाच पाठवा, इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर लिहून द्या, आणि वसंतच ठेवायचं ठरलं तर शेवटी जादाचा एच लावू देऊ नका. तो दक्षिणेकडं लावतात.